तांबडीचे कागद

मी पहिलीत होते तेव्हा आमची तांबडी गाय मेली, आणि ती मेली हे मला पुढे वर्षभर कळलं नाही. घरच्यांनी लपवलं वगैरे काही नाही. पोरांपासून काही लपवायला आमच्याकडे जागाही नव्हती आणि सवडही नव्हती. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, सगळे माझ्यासमोर बोलले, आणि तरी मला उलटंच समजलं. मी हुशार पोरगी होते, तिथेच घोटाळा झाला. ढ असते तर कोणाला तरी विचारलं असतं.

आमचं गाव मूल तालुक्यात, जंगलाला लागून. एका अंगणात दोन घरं, एक आमचं आणि एक काकांचं. काकांच्या घरी काका, काकी आणि त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून अडीच वर्षांनी लहान, म्हणून सगळ्यांची धाकटी. ती दिवसभर माझ्या मागे असायची आणि मी सांगेन ते तिला वेदवाक्य होतं. सीताफळाची बी गिळली की कानातून झाड निघतं असं मी तिला एकदा सांगितलं, तर दोन दिवस ती कानात बोट घालून फिरत होती. काकीनं मला एक धपाटा घातला आणि नंतर त्याच हातानं सीताफळ फोडून दिलं. काकीचा राग तेवढाच टिकायचा.

मरण म्हणजे काय, याचा माझा अभ्यास तोवर बेताचाच होता. पाहुणा आला की कोंबडी कापायचे, पण तो स्वयंपाक होता, मरण नव्हे. एक काळं कुत्र्याचं पिल्लू मी पाळलं होतं. ते एका सकाळी दिसलं नाही. कोणी काही बोललं नाही. आठ-दहा दिवसांनी बाबांनी कुठून तरी काळंच पिल्लू आणलं आणि मी त्याला त्याच नावानं हाक मारली, तर ते आलं. माझ्यापुरता तो विषय संपला.

तांबडीचं एक शिंग खाली वळलेलं होतं, डोळ्याच्या दिशेनं. ते डोळ्यात घुसेल म्हणून बाबा दरवर्षी कानशीनं टोक घासायचे आणि ती गरीब गाय मान खाली घालून उभी राहायची. भाताची पेज तिला मीच पाजत असे. सकाळी गावची ढोरं आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, गोळा व्हायची आणि तिथून ढोरकी त्यांना जंगलाकडे चारायला न्यायचा. संध्याकाळी आपापल्या दाराशी ती आपणच थांबत. भादव्यातल्या एका संध्याकाळी तांबडी थांबली नाही. ढोरकी दारात आला आणि बाबांना म्हणाला, "भाऊ, तुमची तांबडी नाल्यापाशी पडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला शाळेत सोडायला निघाले आणि वाटेत आधी नाल्यावर गेले, म्हणून मी तिथे होते. आमच्या भागातला जंगलखात्याचा गार्ड आधीच येऊन उभा होता. तांबडी बांधाच्या कडेला आडवी होती, पाय सरळ करून, जशी ती उन्हात पडायची तशीच. बाबा पुढे गेले तसा गार्ड म्हणाला, "हात नोका लावू भाऊ. जशी आहे तशीच जाग्यावर राहू द्या."

थोड्या वेळानं ढोरांचे डॉक्टर मोटारसायकलवर आले. त्यांनी तिची मान थोडी उचलून गळ्याखाली पाहिलं, टेपनं काहीतरी मोजलं आणि पाटीवर कागद ठेवून लिहीत बसले. मग गार्डनं बाबांना गायीजवळ उभं राहायला सांगितलं आणि मोबाइलवर फोटो काढला. बाबांनी फोटोआधी केसांवरून हात फिरवला. नंतर दोन झाडांना, पट्ट्यानं करकचून, एकेक हिरवी डबी बांधली. मी विचारलं, "हे काऊन बांधता?"

गार्ड म्हणाला, "कॅमेरा हाये बाई तो. राती इथी काय होते ते दिसते त्यात."

मला पटलं. आजारी माणूस रात्री उठतो की नाही ते पाहायला दवाखान्यात नर्स बसते, गायीला कॅमेरा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हट्ट करून पुन्हा बाबांबरोबर गेले, तर जागा रिकामी होती. गवत दबलेलं होतं आणि त्या दबल्या गवताचा एक पट्टा नाल्याकडे गेला होता, बस. झोपलेली गाय जागेवर नसेल तर ती उठून गेली असणार, यात शंका घेण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. गार्ड आणि बाबा कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यात डोकं घालून उभे होते. गार्ड म्हणाला, "तो येऊन गेला." आमच्याकडे जंगलाच्या काठाला वाघाचं नाव घेत नाहीत, नुसतं 'तो' म्हणतात, आणि हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. म्हणजे वाघ आला होता. पण तांबडी त्याच्या आधीच उठून गेली होती. मला तिचा अभिमान वाटला.

ती कुठे गेली, याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. त्याच वर्षी आत्याला अडलेल्या बाळंतपणासाठी चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं होतं आणि ती पुढे दोन महिने दिसली नव्हती. नेतानाही असेच कागद झाले होते, बाबांनी अशीच सही केली होती. आत्या आली तेव्हा वाळून काडी झाली होती, पण आली. आईनं तांबडीचं दावं धुऊन खुंटीला टांगलं. टाकून दिलं नाही. घरात कोणी रडलं नाही, चूल बंद राहिली नाही. आई शेजारणीला म्हणाली, "कागद लागले की होते म्हणे. दिवाळीपर्यंत होऊन जाईन."

दिवाळीनंतर बाबा खरंच गाय घेऊन आले. तांबडी. शिंगं दोन्ही सरळ. एवढं डॉक्टर जवळ होते तर शिंगही सरळ करून घेतलं, असं मला वाटलं. आईनं तेच दावं तिच्या गळ्यात बांधलं, पायावर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. मी पेज घेऊन गेले तर तिनं लाथ झाडली आणि पेजेनं भरलेला गंज कलंडला. मला वाईट वाटलं, पण आजारातून उठलेल्या माणसाचं डोकं फिरलेलंच असतं. टायफॉइडनंतर मीही आईच्या हाताला चावले होते.

ही सगळी विद्या मी धाकटीला दिली. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होण्याचं माझं वयच होतं. तो कोणाला पाडून गेला तर हात लावायचा नाही. मग गार्ड येतो, डॉक्टर येतो, कॅमेरा लागतो, कागद होतात. मग दिवाळी. ती मान डोलवत होती. गोठ्यात उभ्या तांबडीपुढे मी हे शिकवत होते, त्यामुळे पुरावा समोरच होता.

आता मी मूलला एका झेरॉक्सच्या दुकानात बसते. जंगलखात्याच्या भरपाईचे अर्ज भरून देणं हेच माझं काम. गावोगावचे लोक येतात, कोणाचा बैल, कोणाची शेळी, आणि कधी कधी माणूस. दोन्हीकडे आधार कार्ड लागतं, पासबुक लागतं, पंचनाम्याची प्रत लागते. लोक सांगताना रडतात. माझा हात थांबत नाही. एक बाई मला म्हणाली, "तुले काईच वाटत नाई का पोरी?" मी म्हटलं, "सही इथी करा." तिला राग आला. येणारच. मला खरंच काही वाटत नाही. कधीपासून वाटत नाही, ते मात्र मला नीट ठाऊक आहे.

चैत्रात मोहफुलं पडतात. पहाट फुटली की बाया टोपल्या घेऊन निघतात, कारण ऊन चढलं की फुलं वाळतात आणि ढोरंही खाऊन जातात. तांबडी परत आल्यानंतरच्या चैत्रात एक दिवस आईला ताप होता म्हणून ती गेली नाही. काकी गेली. धाकटी अजून झोपली होती.

आठच्या सुमारास बाया पळत आल्या. एकीचीही टोपली हातात नव्हती. एकीनं अंगणातच बसकण मारली आणि म्हणाली, "वाकली होती वं, फुलं वेचून राह्यली होती. मानेले धरलं." काका ऐकता ऐकताच धावत सुटले, बाबा त्यांच्या मागे, मग गावातले सगळे बाप्ये काठ्या घेऊन. आई तापातच उठली आणि आम्हा दोघींना घरात ढकलून म्हणाली, "हिले सांभाळ. बाहेर येऊ नोको देऊ."

धाकटीनं भोकाड पसरलं होतं. मी खिडकीच्या गजाला लोंबकळून रस्ता पाहत होते. थोड्या वेळानं गार्डची मोटारसायकल गेली. तोच गार्ड, आणि मागे बसलेल्याच्या मांडीवर त्याच हिरव्या डब्या. त्या पाहून मला इतकं हायसं वाटलं की मी खिडकीवरून उडीच मारली.

धाकटीला मी म्हटलं, "चूप राह्य. कॅमेरे आले. तुह्या मायले डॉक्टर पायते, मग कागद होते, मग येते ते."

"कवा येते?"

"दिवाळीले. तांबडी नाई का आली?"

ती गप्प झाली. एकदम. नाक पुसलं आणि खायला मागितलं. मी डब्यातून मुरमुरे काढून दिले.

दुपारी काकीला परस्पर मूलच्या दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी पांढऱ्या कापडात आणलं. आम्हाला जवळ जाऊ दिलं नाही. अंगणात बाया आक्रोश करत होत्या, आणि मला कळेना की एवढं रडायचं काय. गाय गेली तेव्हा कोणी रडलं नव्हतं. मग वाटलं, गायीपेक्षा माणसाला कागद जास्त लागत असतील. काकांनी भिंतीवर डोकं आपटलं तेव्हा मी घाबरले, पण धाकटीकडे पाहिलं तर ती शांत होती. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि मी शांत होते म्हणून ती शांत होती. एक म्हातारी म्हणाली, "केवढंसं लेकरू, टिपूस नाई काढलं." दुसरी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "हिनं सांभाळलं बापा. मोठी समजदार पोरगी." आईनंही मान हलवली. आई माझं कौतुक सहसा करत नसे.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण तेव्हा ती मला माझी जीभ वाटत नव्हती, मी पाहिलेली गोष्ट वाटत होती.

पुढे धाकटी दर चार दिवसांनी विचारायची, "कागद लागले का, ताई?" मी म्हणायचे, लागून राह्यले. ती पुन्हा खेळायला जायची. ती आमच्याकडेच जेवायची, आईजवळ झोपायची आणि कधी हट्ट करायची नाही. आईनं एकदा तिच्यासाठी नवा फ्रॉक आणला तर ती म्हणाली, "ठेवून दे मोठीमाय, माय आल्यावर घालतो." आई आत निघून गेली. जेठात गार्ड काकांची सही घ्यायला आला तेव्हा तिनं त्याला पाणी नेऊन दिलं आणि समोर उभी राहून विचारलं, "भाऊ, माही माय कवा देता?" गार्डनं पाणी पिऊन टाकलं. मग आणखी एक गिलास मागितला, तोही प्याला आणि तिच्याकडे न पाहता गेला. मोठ्यांना वाटलं, पोर दुःखानं बोलते. ती चौकशी करत होती, हे मला एकटीलाच माहीत होतं.

पावसाळा सरता सरता गार्ड आमच्या शाळेत माहिती द्यायला आला. मी दुसरीत गेले होते. जंगलात एकटं जाऊ नका, वाकून बसू नका, बोलत चाला, असं सगळं सांगून झाल्यावर त्यानं लॅपटॉप उघडून कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. रानडुकरं, अस्वल, सांबर. पोरं खिदळत होती. मग एक फोटो आला. काळोखात पांढरा उजेड, वाघ आडवा, आणि त्याच्या तोंडातून लोंबणारी गाय. तिचं एक शिंग डोळ्याकडे वळलेलं होतं. पुढच्या फोटोत तिचं अर्धं अंग नव्हतं.

गुरुजींनी गार्डला खूण केली आणि त्यानं पुढचा फोटो लावला, मोराचा.

मला रडू आलं नाही. ओरडावंसंही वाटलं नाही. सगळं एका दमात कळलं: पट्टा नाल्याकडे का गेला होता, गोठ्यातली गाय लाथ का झाडते, पिल्लू, काकी, भिंतीवर डोकं आपटणारे काका. अंगातून काहीतरी निघून गेलं. शाळा सुटेपर्यंत मी फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलं, अक्षरही नेहमीसारखंच आलं.

घरी धाकटी वाटच पाहत होती. तिनं विचारलं, "कागद लागले का?"

सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं. मग मी म्हटलं, "आता दिवाळी जवळ आली."

काऊन सांगितलं नाही, ते मला आजही सांगता येत नाही. भीती वाटली असं म्हणावं तर तेव्हा भीतीही वाटत नव्हती. मला काहीच वाटत नव्हतं. तिला सांगितलं तर ती त्या सकाळी जे रडायची थांबली होती ते पुन्हा सुरू होईल, आणि या वेळी थांबवायला माझ्याजवळ काही नसेल, एवढंच डोक्यात होतं. मूग गिळून बसले. रोज ठरवायचे, उद्या सांगू. ती आता नागपूरला शिकते, नर्सिंगला. फोन करते, हसते, माझी थट्टा करते. तिला खरं कधी कळलं, कोणी सांगितलं, की कोणीच न सांगता हळूहळू कळलं, मला माहीत नाही. आमचं यावर कधी बोलणं झालं नाही.

दिवाळी आली. धाकटीनं काकीच्या साडीची घडी पेटीतून काढून खाटेवर ठेवली. पणत्या विझल्या, कोणी आलं नाही. ती म्हणाली, "तांबडी बी दिवाळीनंतरच आली होती, नाई का ताई?" मी म्हटलं, हो.

तुळशीचं लग्न झाल्यावर काकांनी दुसरं केलं. गावाचं म्हणणं होतं, पोरीला माय पाहिजे. काका नेतील तिकडे गेले. देवळात चार माणसांत लग्न झालं आणि दुपारी ट्रॅक्टरनं नवी काकी अंगणात आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल, अंगानं बारीक, घाबरलेली. आईनं तिच्या पायावर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. धाकटी माझा हात धरून दारात उभी होती. तिच्या अंगावर तो ठेवून दिलेला फ्रॉक होता. कोणी घालून दिला नव्हता, तिचा तिनंच घातला होता, बटणं वरखाली लागली होती.

मी तिचा हात घट्ट धरला. आता तरी सांगायला पाहिजे होतं. ती हात सोडवून पुढे गेली.

नवी काकी खाली बसली तशी धाकटीनं तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग तिच्या गळ्यावरचा पदर बोटांनी बाजूला केला, मान इकडून पाहिली, तिकडून पाहिली आणि हळूच हात लावून विचारलं, "अजून दुखते का?"

नव्या काकीनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा काकांकडे. पहिलीचं काय झालं होतं, हे तिला सोयरीक जुळतानाच कळलेलं असणार. तिनं पदर आणखी खाली ओढला आणि मान उघडी ठेवून म्हणाली, "नाई बाई. आता नाई दुखत."

धाकटी तिच्या मांडीवर बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुहं खरं निघालं."

मी हो म्हटलं.